काढून टाकलेला आकडा आणि बदलायला सांगितलेली मुलगी

पत्राचा सारांश

जळगाव जिल्ह्यात, तापीकाठच्या एका गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. त्या मूळच्या सांगलीकडच्या. पवित्र पोर्टलमधून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, निवड होऊन इकडे आल्या. कायम होण्याआधीच्या, शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांपैकी दुसरं वर्ष चालू आहे. यंदा त्यांनी पहिल्यांदाच नववीतल्या दोन मुलींचा गट राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी तयार केला. विषय असा: केळीच्या बागेत वाळक्या पानांचं आच्छादन केलं तर जमिनीतली ओल किती टिकते? गटप्रमुख मुलीचे वडील ज्या बागेत सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कामाला, आहेत तिथेच मुलींनी दोन तुकडे आखून घेतले, एक आच्छादनाचा, एक उघडा. दर आठवड्याला दोन्हीकडची माती वजन करून, उन्हात वाळवून पुन्हा वजन करायची, असं काम चाललं.

जिल्हास्तरावरचं सादरीकरण तीन आठवड्यांवर आलं आहे. शेजारच्या गावची शाळा मागे एकदा राज्यापर्यंत गेली होती, तिचे फलक अजून रस्त्यावर आहेत. त्यामुळे संस्थेच्या अध्यक्षांनी बाईंना बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. शहरातून एक चालणारं मॉडेल करून घ्या, पैसे संस्था देईल. आणि गटप्रमुख मुलगी अडखळते, तिच्या जागी आठवीतला एका संचालकांचा मुलगा घ्या, तो फाडफाड बोलतो. बाई लिहितात, ‘नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी माझं काय होईल ठाऊक नाही. हो म्हटलं तर त्या मुलीच्या तोंडाकडे मला बघवणार नाही. की हा गटच दुसऱ्या सरांकडे देऊन मोकळी होऊ?’ पत्रात ओघाने आणखी दोन गोष्टी आल्या आहेत. मुलींची भाषा अशुद्ध म्हणून अहवाल बाईंनी दोन रात्री जागून स्वतः लिहिला. आणि आलेख नीट दिसावा म्हणून एक विसंगत आकडा त्यांनी काढून टाकला.

उत्तर

ताई,

आधी तातडीचं. अध्यक्षांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी या स्पर्धेच्या रीतीत बसत नाहीत, आणि ते तुम्हाला आपल्या तोंडाने सांगावं लागणार नाही. नियमपत्रिका सांगेल. बाल विज्ञान परिषद १९९३ पासून केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने भरते. १० ते १७ वयाची मुलं, दोघांचा गट, सोबत एक मार्गदर्शक, प्रश्न आपल्या परिसरातला आणि काम मुलांनी स्वतः केलेलं, असा तिचा घाट आहे. इथे मॉडेलवर गुण नसतात. प्रश्न कुणाला सुचला, तो गावाशी किती जोडलेला आहे, नोंदी कशा घेतल्या, आकड्यांवरून निष्कर्ष कसा काढला, दोघांनी मिळून काम केलं का, हे पाहिलं जातं. तारीखवार नोंदवही टेबलावर ठेवायची असते आणि परीक्षक ती उलटून बघतात. मॉडेलची गर्दी असते ती शिक्षण विभागाच्या विज्ञान प्रदर्शनात, जे तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी जातं. अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर बहुधा ते प्रदर्शन आहे. त्यांचा हेतू वाईट आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. शाळेचा पट टिकला नाही तर संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पदं जातात, आणि पट टिकवायला गावाला दाखवण्यासारखं काही हातात हवं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात असणार. तो हिशेब खरा आहे. फक्त या स्पर्धेत तो मॉडेलने जुळत नाही.

मुलगी बदलण्याचंही तसंच. परीक्षकाने त्या मुलाला विचारलं, ‘माती किती खोलीवरून घेतली?’ तो पाठ केलेलं सांगेल. ‘त्याच खोलीवरून का?’ इथे तो थांबेल. ‘पाऊस आला त्या आठवड्यात काय केलंत?’ इथे संपलं. असे प्रश्न विचारायला परीक्षकाला फार हुशारी लागत नाही. नोंदवही उघडून बोट ठेवलं की झालं. त्या मुलाचं काय होईल याचाही विचार करा. चारचौघांत दुसऱ्याच्या कामावर उभं राहून गप्प होण्याची वेळ तेरा-चौदा वर्षांच्या पोरावर का आणायची? त्याने काय बिघडवलंय?

आता तुमच्या नोकरीबद्दल. तुमची भीती खोटी नाही आणि मी तुम्हाला शूर व्हायला सांगणार नाही. शिक्षणसेवकाचा काळ हा तोंड सांभाळून राहण्याचा काळ असतो, हे ज्याने तो काढलाय त्याला सांगावं लागत नाही. म्हणून ‘नाही’ हा शब्द न वापरता हे काम करायचं. नियमपत्रिकेची प्रत काढा, गुण कशाला मिळतात त्या भागाखाली रेघ ओढा आणि ती घेऊन आधी मुख्याध्यापकांकडे जा. एकट्याच अध्यक्षांकडे जाऊ नका, आणि स्टाफरूममध्ये तर हा विषय काढूच नका. मुख्याध्यापकांना एवढंच म्हणा, ‘सर, नोंदणी या दोन मुलींच्या नावाने गेली आहे, आणि मॉडेलला इथे गुण नाहीत. वेळेवर नाव बदललं आणि कुणी आक्षेप घेतला तर नाव शाळेचंच जाईल. अध्यक्षांना कसं सांगू या?’ त्यांना सोबत घ्या, म्हणजे निर्णय शाळेचा होईल, तुमचा एकटीचा राहणार नाही. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. मॉडेलचे पैसे संस्था देणारच आहे, तर त्याच्या पाव हिश्श्यात या प्रकल्पाला खरोखर काय लागतं त्याची यादी न्या. ती यादी काय असावी ते पुढे येईलच.

एवढं करूनही अध्यक्ष अडून बसले तर? तर त्यांनी ते लेखी द्यावं अशी विनंती मुख्याध्यापकांमार्फत करा. बहुतेक वेळा गोष्ट तिथे मिटते. आणि समजा नाहीच मिटली, खरंच नाव बदलायला लावलं, तर मार्गदर्शक म्हणून तुमची सही त्या अर्जावर असू नये. गट सोडायचा असेल तर त्या टप्प्यावर सोडा. आज सोडलात तर ज्या सरांकडे द्याल ते पुढच्याच दिवशी मुलगी बदलून टाकतील, हे तुम्हालाही कळतंय, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत.

इथवर तुम्ही विचारलेल्या प्रश्नांचं झालं. मला जास्त बोलायचंय ते तुम्ही न विचारलेल्याबद्दल.

अध्यक्ष म्हणतात मुलगी बदला, कारण बोलणं नीट दिसायला हवं. तुम्ही अहवाल स्वतः लिहिलात, कारण भाषा नीट दिसायला हवी. आकडा काढलात, कारण आलेख नीट दिसायला हवा. तुमचं मन स्वच्छ आहे, दोन रात्री जागलात ते पोरींच्या मायेपोटीच. पण तिन्ही गोष्टी एकाच रस्त्यावरच्या आहेत. अध्यक्ष त्या रस्त्याने पुढे गेलेत, तुम्ही दोन पावलांवर थांबलात. त्यांना अडवायचं तर आधी ती दोन पावलं मागे यावं लागेल. त्याला तीन आठवडे पुरेसे आहेत.

त्या आकड्यापासून सुरुवात करू. तुम्ही लिहिलंय की १०० ग्रॅम ओली माती वाळून आच्छादनाखालची साधारण ८० भरायची आणि उघड्या तुकड्यातली ८५-८६. म्हणजे आच्छादनाखाली पाणी जास्त, हे सरळ. पण एका आठवड्यात आच्छादनाखालची माती वाळून ८८ भरली. उघड्या मातीपेक्षाही कोरडी! तो आकडा ‘मोजताना चूक झाली असेल’ म्हणून तुम्ही गाळलात. चूक झाली असेलही. पण कोणती चूक, हे कुणी शोधलं?

जरा बागेत जाऊन उभ्या राहा. बाग ठिबकवर आहे. ठिबकच्या नळीवर ठरावीक अंतरावर ड्रिपर असतात, आणि प्रत्येक ड्रिपरखाली जमिनीत ओलीचा एक गड्डा तयार होतो. हलक्या रेताड जमिनीत तो गड्डा अरुंद आणि खोल जातो, तापीकाठच्या काळ्या जमिनीत आडवा पसरतो. पण पसरला तरी त्याला कड असतेच. त्या आठवड्यात मुलींनी माती ड्रिपरपासून वीतभर अंतरावरून घेतली की दोन हातांवरून? नोंदवहीत अंतर लिहिलंय का? लिहिलं नसेल तर हे पहिलं कारण असू शकतं.

दुसरं कारण, ड्रिपर चोंदलेला असणं. पाणी क्षारांचं असलं की ड्रिपरची तोंडं बुजतात, म्हणून तर शेतकरी ठिबकला अ‍ॅसिडची प्रक्रिया देतात. त्या एका ड्रिपरमधून पाणीच येत नसेल तर वर पानांचा थर कितीही जाड असो, खाली ओल कुठून येणार? ओल टिकवणं हे आच्छादनाचं काम, ओल आणणं नव्हे. हा फरक तुमच्या मुलींना त्या एका आकड्याने शिकवला असता.

तिसरं, लाइट. शेतीपंपाची लाइट एका आठवड्यात रात्री, एका आठवड्यात दिवसा. पाणी सुटल्यानंतर किती तासांनी माती घेतली यावर सगळं अवलंबून. एका तुकड्याला रात्री पाणी मिळालं आणि दुसऱ्याची पाळी यायच्या आत लाइट गेली, असं झालं होतं का? हे त्या मुलीच्या वडिलांना तोंडपाठ असेल. त्यांना विचारलंत का?

आणि चौथं, अगदी साधं: वाट्यांची अदलाबदल. वाळत घातलेल्या वाट्यांवर चिठ्ठ्या होत्या की नुसत्या ओळीने ठेवल्या होत्या?

यातलं कोणतं कारण खरं निघेल मला माहीत नाही, आणि ते तुम्हीही शोधू नका. मुलींना शोधू द्या. तीन आठवड्यांत एवढंच करायचं: एकाच झाडाजवळ, आच्छादनाखाली, ड्रिपरपासून १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरवर एकाच खोलीची माती घ्यायची, वजन करायची, वाळवायची, पुन्हा वजन करायची. उघड्या तुकड्यातही तसंच. प्रत्येक ठिकाणचे तीन तीन नमुने घेतले तर उत्तम. आकडे आले की जुना ८८ चा आकडा आलेखावर परत ठेवायचा, त्याला वेगळ्या रंगाने गोल करायचा आणि खाली लिहायचं, ‘हा आकडा वेगळा का आला ते आम्ही असं शोधलं.’ विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसल्यावर शंभर टक्के सरळ रेषेत येणारे आलेख मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी पहिली शंका मनात येते ती हीच, की शेतात इतकं सरळ कधी काही असतं का? एक वाकडा आकडा आणि त्यामागे लागलेल्या दोन मुली समोर आल्या तर परीक्षक खुर्ची पुढे ओढतो.

वजनकाट्याचं बघा. तुम्ही लिहिलंय की किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करतात. त्या काट्याचं लघुत्तम माप, म्हणजे तो दाखवू शकतो तो सगळ्यात लहान फरक, किती आहे? काट्याला लावलेल्या पट्टीवर ते छापलेलं असतं. ते ५ ग्रॅम असेल तर १०० ग्रॅमच्या नमुन्यात ८० आणि ८५ यांतला फरक काट्याच्या एका घराइतका आहे, त्यावरून काहीच म्हणता येत नाही. आणि त्या काट्यावर ८६ किंवा ८८ हा आकडा दिसेलच कसा? मग तो अंदाजाने लिहिला होता का? काटा १ ग्रॅमचा असेल तर प्रश्न मिटला. ५ ग्रॅमचा निघाला तर नमुना १०० ऐवजी ५०० ग्रॅमचा घ्या, किंवा गावातल्या सोनाराकडे जा, तो अर्धा तास काटा वापरू देईल. आणि प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली तराजू शाळेत नक्की असेल. तिची किल्ली मागा. मुख्याध्यापकांकडे न्यायच्या यादीत पहिलं नाव चांगल्या वजनकाट्याचं घाला. तो पुढची दहा वर्षं शाळेत कामाला येईल, मॉडेल दुसऱ्या दिवशी कपाटावर धूळ खात पडेल.

परीक्षक आणखी दोन प्रश्न हमखास विचारतील, त्यांची तयारी असू द्या. एक, ‘उन्हात वाळवून सगळं पाणी जातं का?’ जात नाही. प्रयोगशाळेत माती १०५ अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये २४ तास ठेवतात, उन्हात थोडं पाणी मातीत राहतंच. पण दोन्ही तुकड्यांची माती एकाच प्रकारची, एकाच उन्हात, सलग दोन दिवस वजन तेच येईपर्यंत वाळवली असेल तर तुलना चालते. मुलींनी तसं केलं असेल तर तेच त्यांनी सांगावं. केलं नसेल तर या खेपेला करावं. दोन, ‘ओल किती टक्के?’ १०० ग्रॅमातून २० ग्रॅम पाणी गेलं म्हणून मुली २० टक्के म्हणतील. कृषिशास्त्रात मातीची ओल बहुधा कोरड्या मातीच्या वजनावर काढतात, म्हणजे २० भागिले ८०, २५ टक्के. दोन्ही चालेल, पण आपण कोणती रीत वापरली ते ठाऊक हवं.

अहवालाकडे येते. तुम्ही लिहिलेला फाडून टाकू नका, बाजूला ठेवा. मुलींना कोरी वही द्या आणि नोंदवहीवरून त्यांनाच लिहू द्या. वाकडंतिकडं होईल. तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे: ‘ओल टिकली हे कशावरून म्हणता? आकडा कुठे आहे? आठवडा कोणता?’ पेन मात्र तुमच्या हातात नको. शुद्धलेखन शेवटी एकदा, त्यांच्यासमोर, त्यांच्याकडूनच करून घ्या. मूळ नोंदवही तर मुळीच पुन्हा उतरवून काढू नका. मातीचे डाग, खाडाखोड असू द्या. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारावी, खालचा आकडा वाचता यावा, शेजारी तारीख घालावी. संशोधक असंच करतात आणि परीक्षकाला तेच हवं असतं.

अडखळण्याचं काय? तुम्ही लिहिलंय, ‘ती वर्गात चार वाक्यं सलग बोलत नाही.’ मग पुढच्याच परिच्छेदात लिहिलंय की बागेत गेल्यावर ती हातात माती घेऊन म्हणाली, ‘मॅडम, आठे माती ओली शे, तठे नही.’ इथे माती ओली आहे, तिथे नाही. ताई, तुमच्या सगळ्या प्रकल्पाचा निष्कर्ष या एका वाक्यात आहे. पोरीला बोलता येतं. तिला घरी अहिराणीत विचार करायची सवय आहे आणि वर्गात तोच विचार पुस्तकी मराठीत फिरवून सांगायचा म्हटलं की वेळ लागतो. तुम्ही सांगलीकडच्या, तुमच्या कानाला हे नवं, म्हणून तुम्हाला ते अडखळणं वाटतं. जिल्ह्यावर बसणाऱ्या परीक्षकांत अहिराणी समजणारे निघायची शक्यता बरीच. पाठांतर तर अजिबात नको. भाषण लिहून दिलंत की एक शब्द निसटला तरी पुढचं सगळं कोसळतं. त्याऐवजी रोज मधल्या सुट्टीत वेगवेगळ्या माणसाने तिला तीन प्रश्न विचारायचे: एक दिवस शिपाईमामा, एक दिवस गणिताचे सर, एक दिवस पाचवीतली पोरं. उत्तर आधी तिच्या बोलीत, मग मराठीत. ‘बाष्पीभवन’, ‘नमुना’, ‘लघुत्तम माप’, ‘सरासरी’ असे मोजके शब्द पक्के झाले की बाकीचं ती तिच्या पद्धतीने सांगेल. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘हे आम्ही मोजलं नाही’ असं म्हणायलाही शिकवा. हे वाक्य म्हणायला मोठी माणसंही कचरतात.

आणि दुसरी मुलगी कुठे आहे? तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिच्यावर दीड ओळ आहे: तक्ते काढते, शांत आहे. गटकार्याला गुण असतात म्हणून नव्हे, पण तिलाही विचारा की तिला यात काय मोजावंसं वाटलं. गटप्रमुखाच्या भोवती सगळं फिरतं आणि दुसरं मूल तक्ते धरून उभं राहतं, हे अनेक गटांत होतं. अंतराचा हा नवा प्रयोग तिच्याकडे द्या. आकडे तिने घ्यावे, सांगावेही तिने.

संचालकांच्या मुलाचंही काहीतरी करायला हवं, आणि हे मी अध्यक्षांना खूश करण्यासाठी सांगत नाही. बोलायची हुशारी हीही हुशारीच, फक्त तिला स्वतःचं काम मिळालं पाहिजे. तो आठवीत आहे. इन्स्पायर अवॉर्ड मानक योजनेसाठी त्याची स्वतःची एखादी कल्पना शाळेतून पाठवता येईल. कल्पना निवडली गेली तर नमुना तयार करायला १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यावर येतात. मॉडेल करायची हौस तिथे भागेल, पण तिथेही ते त्याच्या हातचं हवं, दुकानातलं नको. पुढच्या वर्षी नववीत गेला की डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसू शकतो. मुंबईचं विज्ञान अध्यापक मंडळ ही स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांसाठी घेतं, लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग मुलाखत असे तिचे टप्पे आहेत, आणि बोलणाऱ्या मुलाला मुलाखतीत वाव मिळतो. अध्यक्षांपुढे हे दोन पर्याय कागदावर ठेवलेत तर त्यांनाही संचालकांना सांगायला काहीतरी मिळेल. अडलेला माणूस बहुतेक वेळा वाट शोधत असतो.

तुमच्यासाठीही एक सुचवते. दोन रात्री जागून अहवाल लिहिणाऱ्या माणसाच्या अंगात काहीतरी करण्याची ऊर्मी असते, ती दाबून ठेवली की ती मुलांच्या वहीत उतरते. शिक्षण विभागाच्या प्रदर्शनात शिक्षकांचा वेगळा विभाग असतो, शैक्षणिक साहित्याचा. प्रयोगशाळा परिचरांनाही तिथे जागा असते. तुमच्या कपाटातल्या तराजूपासून, ठिबकच्या जुन्या नळीपासून ओलाव्याचा धडा शिकवायचं साधन करा आणि ते तुमच्या नावाने मांडा.

हे सदर वाचणाऱ्या इतर शिक्षकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते, कारण या स्वरूपाची पत्रं धुळे-नंदुरबारकडूनही येतात. अशा गटाचं काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलं की शेवटी सगळं शिक्षकाच्याच हातून होतं, दुसरा इलाज राहत नाही. जूनमध्ये मृगबागेची लागण होते तेव्हाच मुलांना हातात वही देऊन शिवारात पाठवा. पहिला महिना फक्त बघायचं आणि प्रश्न लिहायचे. नंदुरबारच्या मुलांना मिरचीच्या पथाऱ्यांवर प्रश्न सापडतील. साक्रीकडच्यांना पांझरेवरच्या फड पद्धतीत सापडतील, बंधाऱ्याचं पाणी पाटाने पाळीपाळीने वाटायची ती जुनी रीत मोजायला घेतली तर वर्ष पुरणार नाही. भुसावळच्या मुलांना एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या आणि धाब्याच्या घरातलं तापमान मोजायला कुणी शिकवायची गरज नाही, ते त्यातच राहतात. विषय गुगलवर शोधून दिलात की मुलं तुमच्याकडे बघत बसतात. विषय त्यांच्या घरचा असला की ती तुम्हाला शिकवायला लागतात, आणि मग कुणाची जागा कुणाला द्यायची हा प्रश्न संस्थेच्या बैठकीत कुणी सहजासहजी काढत नाही, कारण ते काम दुसऱ्या कुणाला सांगताच येत नाही.

परत तुमच्याकडे. या आठवड्यात तुम्ही करायच्या गोष्टी फार नाहीत. नियमपत्रिका, मुख्याध्यापक, वजनकाटा, आणि मुलींसमोर तो ८८ चा आकडा ठेवून ‘हा मी काढला होता, आपण परत घालू’ असं सांगणं. हे शेवटचं जड जाईल, पण मुलींपुढे स्पष्ट बोला, कारण त्यांनी तो आकडा स्वतः मोजला होता आणि तो गायब झाल्याचं त्यांच्या लक्षात आलेलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत, इतकंच.

आणि बागमालकांकडेही जाऊन या. अंतराच्या प्रयोगासाठी परवानगी लागेलच. वाळकी पानं बांधावर टाकायची, जाळायची की बागेत पसरायची हे शेवटी ते ठरवतात, तेव्हा मुलींचे आकडे त्यांनीही एकदा बघावेत. त्याच वेळी मुलीच्या वडिलांसाठी सादरीकरणाच्या दिवसाची सुट्टी मागून ठेवा. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आखाजीपर्यंत बांधलेल्या माणसाला ऐनवेळी दिवस मिळत नाही. वडील सोबत असले तर ड्रिपर कुठला चोंदला होता आणि लाइट कधी गेली होती ते मुलींना अगदी शेवटच्या घडीपर्यंत विचारता येईल.